पिल्लाला ‘चूक’ कळते का?

कामावरून घरी यावं, तर दिवाणाखाली शूचं तळं. कुत्र्याचं पिल्लू कान पाडून, शेपटी पायांत घालून भिंतीला चिकटलेलं. ‘बघा, काय केलंय ते त्याला बरोबर कळलंय!’ असं घरात कोणीतरी म्हणतंच. मग त्याची मान धरून नाक त्या शूत घासलं जातं. आमच्या कुत्रीला, मोतीला, आणलं तेव्हा हाच सल्ला मलाही मिळाला होता, तोही मायेने. तो मी ऐकला नाही, याचं आजही समाधान वाटतं.

या अपराधी चेहऱ्याची परीक्षा न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी घेतली. त्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मालकाने कुत्र्याला ‘खायचं नाही’ असं बजावून खाऊ ठेवायचा आणि खोलीबाहेर जायचं. मागे काय घडलं ते मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. ज्यांना रागावलं गेलं त्या कुत्र्यांनी तसा चेहरा केला, मग खाऊ खाल्लेला असो वा नसो. काहीच न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तर तो अधिकच ठळक दिसला. तो पश्चात्ताप नव्हताच. समोरचा माणूस चिडलाय हे ओळखून त्याला दिलेलं ते उत्तर होतं.

कृती आणि तिचा परिणाम यांत काही सेकंदांचं अंतर पडलं, तरी पिल्लाच्या मेंदूत त्यांची सांगड बसणं अवघड होतं. दोन तासांनी ओरडलात, तर ते एवढंच शिकतं की दार उघडून माणूस आत आला की भीती. मग शू थांबत नाही, ती तुमच्यासमोर करणं थांबतं. पिल्लू कपाटामागचा कोपरा शोधतं.

बक्षिसालाही हाच नियम लागू आहे, आणि इथे बहुतेकजण चुकतात. पिल्लू खाली झाडाशी शू करतं, आपण त्याला घेऊन लिफ्टने वर येतो आणि घरात शिरल्यावर बिस्किट देतो. त्याच्या लेखी ते बक्षीस घरी आल्याचं! उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा खिशात हवा आणि शू संपताक्षणी तिथेच तोंडात पडायला हवा.

दोन महिन्यांच्या पिल्लाचा मूत्राशयावर पुरेसा ताबा नसतो. जितक्या महिन्यांचं पिल्लू, साधारण तितके तास ते शू धरून ठेवू शकतं, हा ढोबळ हिशेब. झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर त्याला बाहेर न्यायचंच; पोटात अन्न पडलं की आतड्यांची हालचाल वाढते. घरात झालंच, तर डाग एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. फिनेलचा वास फक्त आपल्या नाकाला फसवतो, पिल्लाला शूचा वास येतच राहतो.

चावण्याबद्दल थोडक्यात: दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत, हिरड्या शिवशिवतात. चपला उचलून ठेवा, चावायला खेळणं द्या. हाताला दात लागला की खेळ तिथेच बंद.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते मात्र वेगळंच. तीन ते साधारण बारा-चौदा आठवडे या वयात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे फ्रीडमन, किंग आणि इलियट या संशोधकांनी काही पिल्लं माणसांपासून दूर वाढवली होती. चौदा आठवड्यांपर्यंत माणूस न भेटलेली पिल्लं पुढे माणसाला बिचकतच राहिली, असं त्यांनी १९६१ मध्ये नोंदवलं. आपल्याकडे लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला कोंडून ठेवतात. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची भीती खरीच आहे, पण पिल्लाला कडेवर घेऊन फिरवता येतं. रिक्षा, रेनकोट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा त्याला लांबून दाखवता येतात. ढोल-ताशा मोबाइलवर अगदी हळू लावायचा, समोर खाऊ ठेवायचा आणि आवाज दिवसागणिक थोडा थोडा वाढवायचा.

मोती कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली पळायची. शिट्टी झाली की पनीरचा तुकडा, असं आम्ही सुरू केलं. आता शिट्टी वाजली की ती ओट्यापाशी येऊन बसते आणि दुसऱ्या शिट्टीची वाट बघते.