हॉट टबचं पाणी बदललं, पण पाइपांचं काय?

माठ नुसता विसळून आठ दिवस भरत राहिलं की आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागतं, आई लगेच म्हणायची काथ्याने घासून काढ आणि उन्हात पालथा घाल. तो जो बुळबुळीत थर, त्यालाच सायन्समध्ये बायोफिल्म म्हणतात. आमच्या हॉट टबच्या पाइपांमध्ये नेमका तोच थर होता आणि तिथे ना हात पोचतो ना काथ्या.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, घरामागे डेकवर गरम पाण्यात बसायचा हा टब आहे, साधारण ४०० गॅलनचा म्हणजे १,५०० लिटर. मागच्या हिवाळ्यात बहीण आली होती, मुलं दोन तास पाण्यात होती, आणि दुसऱ्या दिवशी भाच्याच्या पोटावर आणि मांड्यांवर लाल पुरळ, तेही स्विमसूटखाली जास्त. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, हॉट टबमध्ये बसला होता का? स्यूडोमोनास नावाचा बॅक्टेरिया केसांच्या मुळाशी शिरतो आणि ओला कपडा अंगावर राहिला की त्याचं फावतं. आठवड्याभरात ते आपोआप गेलं, पण मला खूप लागलं, कारण पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं आणि तीन आठवड्यांपूर्वीच मी टब रिकामा करून, पुसून पुन्हा भरला होता.

आता कळतं की मी फक्त टब धुतला होता. टबच्या पोटात जेटना, म्हणजे पाण्याचा जोरदार झोत सोडणाऱ्या तोंडांना, पाणी आणि हवा पुरवणारे कितीतरी फूट पाइप असतात, त्यांना वळणं असतात, आणि ड्रेनचा व्हॉल्व्ह उघडला तरी त्या वळणांत थोडं पाणी उरतंच. बॅक्टेरिया पाइपच्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा चिकट गर तयार करतात, मग क्लोरिन आलं की ते वरच्या गराशीच रिअ‍ॅक्ट होऊन खर्ची पडतं आणि आतले जिवंत राहतात. नवीन पाणी भरलं की त्यातलेच सुटून पाण्यात येतात, म्हणून तर काही टबमध्ये ताजं पाणी भरूनही दोन दिवसांत क्लोरिन शून्यावर येतं.

आणि पुरळ ही त्यातली सौम्य गोष्ट आहे. लेजिओनेला नावाच्या बॅक्टेरियाला २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमान मानवतं आणि आपण टब ठेवतो ३८ ते ४० वर. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनाला आलेले लोक न्यूमोनियाने आजारी पडले, त्यावरून त्याला हे नाव मिळालं. पण मला जास्त हादरवलं १९९९ च्या नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनाने. तिथे व्हर्लपूल, म्हणजे असेच बुडबुड्यांचे टब, फक्त दाखवायला चालू ठेवले होते, आजारी पडायला कुणाला पाण्यात उतरावंही लागलं नाही, नुसते जवळून गेलेले लोकही आजारी पडले आणि ३० च्या वर माणसं दगावली. बुडबुडा फुटला की बारीक थेंब हवेत उडतात आणि ते श्वासातून आत जातात.

तरी पाणी बदलावं तर लागतंच, आणि त्याचं कारण वेगळं आहे. बरेच जण टबमध्ये डायक्लोरची, म्हणजे क्लोरिन देणारी पावडर टाकतात, आम्हीपण. त्यातून दर १० पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत १० भाग) क्लोरिनमागे साधारण ९ पीपीएम सायन्युरिक अ‍ॅसिड पाण्यात राहतं, जे उडत नाही, सहज मोडत नाही आणि क्लोरिनला धरून ठेवून त्याचा जोर कमी करतं. रोज २ पीपीएम क्लोरिन टाकलं तर दोन महिन्यांत हे अ‍ॅसिड शंभरच्या वर जातं! पाणी तपासायच्या पट्टीवर क्लोरिन नीट दिसतं, काम मात्र अर्धवट. हे अ‍ॅसिड घालवायचा साधा उपाय म्हणजे पाणी सोडून देणं. किती दिवसांनी बदलायचं याचा ढोबळ हिशोब असा, गॅलनला ३ ने भागा, मग रोज बसणाऱ्या माणसांनी भागा, आमचे दोघांचे ६६ दिवस येतात.

यावेळी मी पाणी सोडण्याआधी पाइप धुतले. जुन्या पाण्यातच, फिल्टर काढून, पाइप साफ करायचं केमिकल टाकलं आणि सगळे जेट फुल सोडले. पाच मिनिटं नुसता पांढरा फेस, मग फेसाच्या कडेला चहाच्या रंगाची रेघ आली, आणि अर्ध्या तासाने पाण्याच्या रेषेवर तपकिरी, मेणासारखा चिकट साका बसला, बोटाने उचलला तर तार सुटत होती आणि ओल्या फडक्यासारखा कुबट वास. हे सगळं त्या काचेसारख्या पाण्यामागे होतं. कडा पुसत पुसत दोनदा चालवलं.

मग आधी ब्रेकर बंद, कारण हीटर आणि पंप कोरडे चालले तर जळतात. सबमर्सिबल पंप टाकून पाणी घराच्या सांडपाण्याच्या लाइनीत सोडलं. रस्त्याकडेच्या स्टॉर्म ड्रेनमध्ये प्लीज सोडू नका, ते पाणी ट्रीटमेंटशिवाय ओढ्यानाल्यांतून आमच्याकडे शेवटी रॅरिटन नदीत जातं आणि क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना जाळतं. एकेका जेटच्या तोंडाला व्हॅक्यूम लावून वळणातलं पाणी ओढलं, जवळजवळ बादलीभर निघालं. टब पातळ व्हिनेगरने पुसला, भांड्यांचा साबण नको, फेस महिनाभर पाठ सोडत नाही. फिल्टर रात्रभर क्लीनरमध्ये भिजवून एकेक घडी उघडून नळीने धुतला. कडाक्याच्या थंडीत मात्र हे काम काढू नका, पाइपात उरलेलं पाणी गोठून पाइप फुटतात, आम्ही नोव्हेंबरची सुरुवात आणि मार्च असं ठरवलंय.

भरताना नळी फिल्टरच्या खळग्यात घातली म्हणजे पाणी खालून पाइपात चढतं आणि पंपात हवा अडकत नाही. १० अंशाचं पाणी ३९ वर न्यायला जवळपास ५० युनिट वीज लागते, आमच्या साडेपाच किलोवॅटच्या हीटरला नऊ-दहा तास. तोवर पाण्याचं बघायचं, आधी अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद), मग पीएच, मग क्लोरिन. जेटच्या बुडबुड्यांनी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच चढतो, गरम पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट कमी विरघळतं, म्हणून हीटरवर तोच पांढरा क्षार बसतो जो गावाकडे बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर बसतो.

सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या सल्ल्याप्रमाणे हॉट टबला क्लोरिन कमीत कमी ३ पीपीएम आणि पीएच ७ ते ७.८ लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बुडवली, क्लोरिन ४, पीएच ७.४. संध्याकाळी पुन्हा बुडवली, टबमध्ये कुणीच उतरलं नव्हतं, क्लोरिन साडेतीनच्या आसपास टिकून होतं. मग बहिणीला फोन केला, म्हटलं शनिवारी मुलांना घेऊन ये.