ग्रिप सेफ्टी: 1911 पिस्तुलाच्या एका छोट्या भागामागचा इतिहास

1911 पिस्तूल मुठीत धरले की मागच्या बाजूची एक पट्टी तळहाताने आत दाबली जाते. हीच ग्रिप सेफ्टी. ती दबली नाही तर चाप मागे सरकतच नाही. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या या .45 इंची गोळीच्या पिस्तुलात ती आली ती अमेरिकी घोडदळाच्या आग्रहामुळे. स्वाराच्या एका हातात लगाम, दुसऱ्या हातात पिस्तूल. ते निसटून पडले तरी गोळी सुटता कामा नये, ही त्यांची काळजी होती. पुढे अंगठ्याने फिरवायचा वेगळा सेफ्टी खटकाही जोडला गेला आणि त्याचीच पिन ग्रिप सेफ्टीला फ्रेममध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मूळ सांगाड्यात, धरून ठेवू लागली. 29 मार्च 1911 रोजी लष्कराने पिस्तूल स्वीकारले.

ही पट्टी बदलायची झाली तर नवी पट्टी कानस न लावता बसेल का? या प्रश्नाचे मूळ पिस्तुलापेक्षा बरेच जुने आहे. पूर्वी प्रत्येक बंदूक हा एकेका कारागिराचा संसार असे. एकीचा स्क्रू दुसरीला लागेलच याची खात्री नसे. 1785 मध्ये पॅरिसमध्ये ऑनोरे ब्लँक या कारागिराने तेव्हा तिथे अमेरिकेचे राजदूत असलेल्या थॉमस जेफरसन यांच्यापुढे बंदुकीच्या चापयंत्रांचे सुटे भाग ठेवले. जेफरसन यांनी हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही यंत्रे जुळवली आणि ती बिनचूक बसली. अमेरिकेत याचे श्रेय बरेचदा संशोधक एली व्हिटनी यांना दिले जाते, पण त्यांच्या बंदुकांचे भाग खऱ्या अर्थाने अदलाबदलीचे नव्हते, हे पुढच्या संशोधनात दिसून आले. माझ्या मते खरा मान हार्पर्स फेरी येथील अमेरिकेच्या सरकारी शस्त्रकारखान्यातील जॉन हॉल यांचा आहे. 1820 च्या दशकात त्यांनी यंत्रे आणि गेज, म्हणजे माप तपासायचे साचे, वापरून हे साधले. भाग गेजमध्ये बसला तर घ्यायचा, नाहीतर बाजूला टाकायचा. कारागिराच्या नजरेवर काही सोडायचे नाही.

1911 पिस्तूल याच शिस्तीत वाढले. दुसऱ्या महायुद्धात ते कोल्टखेरीज इथाका, रेमिंग्टन रँड, युनियन स्विच अँड सिग्नल यांनीही बनवले आणि शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीने फक्त 500 नग दिले. आपल्या घरांत ज्या सिंगरवर परकर-पोलकी शिवली गेली, तीच ही कंपनी! टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने सर्वाधिक पिस्तुले बनवली, पण सुरुवातीला त्यांचे भाग अदलाबदलीच्या चाचणीत उतरले नाहीत. लष्कराचा हा हट्ट रास्तच होता. आघाडीवर तुटलेला भाग कुठल्या कारखान्याचा, हे शोधत बसायला कोणाला सवड असणार?

ग्रिप सेफ्टीत मात्र एक दोष होता. गोळी सुटल्यावर हॅमर, म्हणजे मागचा आघात करणारा हातोडा, मागे येई आणि मोठ्या हाताच्या माणसाची अंगठ्याजवळची कातडी त्याच्या आणि सेफ्टीच्या टोकाच्या बेचक्यात चिमटली जाई. म्हणून 1920 च्या दशकात ते टोक लांबवले. चाप आखूड केला, त्याच्या मागे फ्रेमला दोन्ही बाजूंनी खाचा दिल्या आणि 1926 मध्ये 1911ए1 हे नाव रूढ झाले. हे सारे बदल सगळ्या कारखान्यांना सारखेच लागू होते, म्हणून अदलाबदल टिकली.

मग आले स्पर्धात्मक नेमबाज. 1976 मध्ये मिसुरीतील कोलंबिया येथे त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयपीएससी स्थापन झाली. वेगाने गोळ्या झाडायच्या तर हात मुठीवर जितका वर धरता येईल तितका चांगला. त्यासाठी बीव्हर या प्राण्याच्या शेपटीसारखी रुंद, वर वळलेली 'बीव्हरटेल' सेफ्टी लोकप्रिय झाली. ती जुन्या फ्रेमवर तशीच बसत नाही. फ्रेमच्या मागे सेफ्टीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या टोकांना, म्हणजे 'कानांना', गोलाई द्यावी लागते, आणि दीडशे वर्षांच्या खटपटीने हद्दपार केलेली कानस पुन्हा बाहेर निघते. चांगल्या कारागिराच्या हातून फ्रेम आणि सेफ्टी यांच्यात केसभर फट उरत नाही. ते काम पाहताना मन भरून येते.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो, तेव्हा हे काम परवानाधारक कारागिराचेच. शिवाय घासलेले लोखंड परत येत नाही. कान गोल केलेल्या फ्रेमवर लष्करी साठ्यातली जुनी सेफ्टी बसवली तर दोन्हीकडे उघड्या फटी दिसतात.