कोप आणि कृपा (रेणुका-यल्लम्मा परंपरा)

शिक्षा करणारा देव आणि अपराध पोटात घालणारा देव एकच कसा, या जुन्या प्रश्नाचे बेळगाव सीमाभागातील रूप. गीतेतही हा पेच आहे. दुराचारी माणूस अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावे, असे नवव्या अध्यायात म्हणणारा भगवंत सोळाव्या अध्यायात द्वेष करणाऱ्या नराधमांना पुन्हा पुन्हा आसुरी योनींत टाकतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अनेक मराठी घरांत मात्र हा प्रश्न पोथीतून येत नाही, रेणुका-यल्लम्मेचे देऊळ असलेल्या सौंदत्तीच्या डोंगरावरून येतो.

महाभारताच्या वनपर्वातली कथा अशी. स्नानाला गेलेली रेणुका चित्ररथ राजाची जलक्रीडा पाहते आणि तिचे मन चळते. तिचा नवरा जमदग्नी ऋषी ते ओळखतो व मुलांना आईचा वध करायला सांगतो. रुमण्वान, सुषेण, वसू आणि विश्वावसू ऐकत नाहीत. बापाच्या शापाने ते पशुपक्ष्यांसारखे जड होतात. धाकटा परशुराम परशू चालवतो. प्रसन्न झालेल्या बापाकडे तो मागतो, की आई उठावी, भाऊ पूर्ववत व्हावेत, आपल्याला पाप लागू नये आणि आईला हा वध आठवू नये. सगळी गोम या आठवणीच्या वरात आहे. शिक्षा चुकली असे ग्रंथ कुठेच म्हणत नाही, तिची आठवण तेवढी पुसतो. जिला शिक्षा आणि दया एकाच तोंडून मिळाली, तिला कोणी काही विचारत नाही.

लोककथा हे विसरणे मानत नाही. चौंडक्याच्या (एकतारी वाद्याच्या) तालावर जोगती, म्हणजे देवीला वाहिलेले भक्त, गातात त्या कथेत रेणुका रोज मलप्रभेच्या ओल्या वाळूचा घडा वळते, नागाची चुंबळ करते आणि पाणी घेऊन येते. मन चळले त्या दिवशी वाळू ढासळते, नाग निसटतो. जमदग्नीच्या शापाने अंगावर रोग फुटतो. रानात एक्कय्या आणि जोगय्या या दोन साधूंच्या कृपेने ती बरी होते, घरी परतते. आणि तरीही तिची मान उतरते. पोथीत आधी शिक्षा, मग दया. गाण्यात दया होऊनही शिक्षा टळत नाही. गाणाऱ्या बायकांना हा क्रम अधिक ओळखीचा वाटला असावा.

पुढे ही शासन भोगलेली बाईच देवी होते. यल्लम्मा म्हणजे ‘सगळ्यांची आई’ असा कन्नड अर्थ सांगतात. तिच्या अंगावर उठला तोच रोग आता तिचा कोप समजला जातो आणि उतारही तिच्याकडेच मागतात. अंगावर चट्टा आला, केसांत जट झाली, की घरातले म्हणतात, ‘आईचं कायतरी ऱ्हायलंय.’ मग मार्गशीर्ष पौर्णिमेला डोंगर गाठायचा, भंडारा उधळायचा, ‘उदं गं आई उदं’ म्हणत पदर पसरायचा. वेताच्या परडीत पुरणपोळी, भाजी, घुगऱ्या असे थोडे थोडे वाढून ‘चुकलंमाकलं पदरात घे’ म्हणायचे. काय चुकले, हे बऱ्याचदा म्हणणारीलाही ठाऊक नसते.

या भीतीची किंमत फार मोठी होती. गरीब, विशेषतः दलित घरांतल्या मुली देवदासी म्हणून देवीला सोडल्या गेल्या. बोलणे कृपेचे, भोगणे शिक्षेचे, तेही काही न करता. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना १९३४ मध्ये याविरुद्ध कायदा झाला. १९५६ मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने मुली सोडण्यास बंदी घातली. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गुंता, हे कार्यकर्ते समजावून सांगतात. कात्री लागण्याआधी बाईचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आई कोपणार न्हाई न्हवं?’