मुलाच्या तोंडून आणि मुलाच्या डोळ्यांनी

अमेरिकेच्या दक्षिणेकडची ‘सदर्न गॉथिक’ कुटुंबकथा म्हटली की पडझड झालेलं मोठं घर, घराण्याचं झाकलेलं पाप आणि ते उघडं पडताना बघणारं एखादं पोर बहुधा येतंच. अशा प्रत्येक कथेवर ‘मुलाच्या नजरेतून सांगितलेली’ असा शिक्का बसतो. पण या शिक्क्याखाली दोन अगदी वेगळ्या रचना एकत्र कोंबल्या जातात. एकीत मूल स्वतः, घटना घडत असताना बोलतं. दुसरीत मोठं झालेलं माणूस बोलतं, डोळे मात्र तेव्हाच्या मुलाचे वापरतं. आपल्याकडचं बघायचं तर प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन पहिल्या घरचा, आणि बेचाळीस रात्री आईच्या आठवणी सांगणारा श्याम दुसऱ्या घरचा.

पहिल्या रचनेचं टोक विल्यम फॉकनर यांच्या ‘अ‍ॅज आय ले डाइंग’ (१९३०) या कादंबरीत सापडतं. तिच्या १५ निवेदकांत वार्डमन हा धाकटा मुलगा आहे. त्याचं एक प्रकरण मूळ इंग्रजीत फक्त ५ शब्दांचं: आपली आई मासा आहे, एवढंच. आपण याला रूपक म्हणतो, त्याच्या लेखी तो हिशेब आहे. त्याच दिवशी त्यानं मोठा मासा धरून चिरला आणि त्याच दिवशी आई गेली. पुढे आईला शवपेटीत श्वास घेता यावा म्हणून तो गिरमिटानं झाकणाला भोकं पाडतो आणि त्यातली दोन थेट तिच्या चेहऱ्यात जातात. पोराला यात भयंकर काही दिसत नाही. शहारतो तो वाचक.

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) ही कादंबरी मात्र दुसऱ्या जातीची. सुरुवातीला तिची छोटी नायिका स्काउट सहा वर्षांचीही नाही, पण सांगणारी मोठी झालेली तीच, म्हणजे प्रौढ जीन लुईझ आहे. तिचे वडील ज्याचा खटला लढतायत त्या कृष्णवर्णीय कैद्याला मारायला तुरुंगापुढे जमलेल्या जमावातल्या कनिंगहॅमना स्काउट त्यांच्या मुलाबद्दल विचारते आणि जमाव पांगतो. आपण काय केलं हे त्या क्षणी तिला कळलेलं नसतं. ‘एवढीशी मुलगी इतकं सफाईदार कशी बोलेल?’ ही या पुस्तकाबद्दलची तक्रार म्हणूनच चुकीच्या पत्त्यावर जाते.

खरी गंमत कासी लेमन्स यांच्या ‘ईव्हज बायू’ (१९९७) या चित्रपटात आहे, कारण तो दोन्हींच्या सीमेवर चालतो. स्थळ लुइझियाना, साल १९६२, ईव्ह १० वर्षांची. सुरुवातीलाच प्रौढ ईव्हचा आवाज सांगून टाकतो की त्या उन्हाळ्यात तिनं वडिलांना मारलं. म्हणजे शेवट आधीच हातात. पुढे मात्र दृश्यं लहान ईव्हपाशी राहतात. डॉक्टर असलेल्या वडिलांना ती परक्या बाईबरोबर बघते. थोरली बहीण सिस्ली तेच दृश्य तिला वेगळ्या अर्थानं समजावते. मग एका वादळी रात्री वडील आणि सिस्ली यांच्यात काय घडलं याच्या दोन हकिगती येतात, एक सिस्लीची आणि दुसरी वडिलांच्या पत्रातली. चित्रपट निवाडा करत नाही. वडिलांच्या मृत्यूचंही तसंच. ईव्हनं एल्झोरा या मांत्रिक बाईकडे जादूटोण्यासाठी धाव घेतली होती आणि वडिलांबरोबर दिसलेल्या त्या परक्या बाईच्या नवऱ्याच्या कानावरही कुजबुज घातली होती. गोळी नवरा झाडतो, पण मूल टोण्याला धरून बसतं.

लिहिणाऱ्यानं यातून घ्यायचा नियम असा: प्रौढ निवेदकानं तेवढंच लपवावं, जे त्याला स्वतःला कधीच कळलं नाही. माहीत असलेलं शेवटच्या पानापर्यंत दाबून ठेवलं की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. प्रौढ ईव्ह परिणाम आधी सांगते, म्हणून तिच्यावर हा आरोप येत नाही. मूलच बोलत असेल तर उलटा धोका: त्याच्या तोंडी मोठ्यांच्या उपमा येतात.

तपासणी सोपी आहे. मसुद्यातली ‘पुढे कळलं’, ‘आता वाटतं’, ‘तेव्हा काय ठाऊक’ अशी वाक्यं अधोरेखित करा. ती काढूनही गोष्ट उभी राहत असेल तर मुलालाच बोलू द्या आणि त्या वयाला न पेलणारे शब्दही काढा. कोसळत असेल तर बोलणारा मोठा आहे हे मान्य करून त्याला पहिल्याच पानावर आणा. निम्म्यात रचना बदलू नका. पटकथेत आणखी एक पथ्य: दहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वाशे सेंटीमीटरवर असतात. कॅमेरा तिथे आणला तरी काम संपत नाही. मूल ज्या खोलीत नाही तिथलं दृश्य कुणाच्या तरी सांगण्यातून, पत्रातून किंवा मुलाच्या कल्पनेतूनच यायला हवं.

आणि घरात तिसरा साक्षीदार ठेवताना जपून. ‘ईव्हज बायू’च्या मूळ आवृत्तीत अंकल टॉमी हा बोलू न शकणारा नातलग होता आणि त्या रात्रीचा प्रसंग त्यानं पाहिलेला होता. १९९७ साली प्रदर्शित झालेल्या आवृत्तीतून तो काढला गेला, दिग्दर्शिकेच्या आवृत्तीत परत आला. तो असला की सत्य त्या घरातच, एका मुक्या माणसाजवळ बसलेलं असतं. तो नसला की उरतात फक्त सिस्लीचा शब्द आणि वडिलांचं पत्र.