भर उन्हाळ्यात सस्क्वेहानावर स्मॉलमाउथ बास : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे मासेमारीची सहल ठरवणारी बरीच मराठी कुटुंबे जुलै-ऑगस्टमधलीच तारीख मागतात. त्या दिवसांत मुलांना सुट्टी असते आणि भारतातून आई-बाबा आलेले असतात, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. मात्र अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॅरिसबर्गच्या आसपास सस्क्वेहाना नदी नेमकी याच दिवसांत रोडावलेली असते आणि तिचे पाणी वर्षातले सर्वांत कोमट असते. कोमट पाण्यात स्मॉलमाउथ बास या माशाची भूक वाढते, म्हणून तो गळाला लागतो. पण त्याच पाण्यात तो झटकन दमतो, आणि फार दमलेला मासा सोडून दिल्यानंतरही मरू शकतो. आमच्या उन्हाळी सहलींच्या वेळा, आम्ही देत असलेले साहित्य आणि काहींना कडक वाटणारे आमचे नियम हे सगळे याच गोष्टीमुळे ठरलेले आहेत. ते का ठरले, हे सहलीला येण्यापूर्वी आपल्याला माहीत असावे, म्हणून हे पत्रक.

आधी माशाची ओळख

स्मॉलमाउथ बास हा सनफिश कुळातला गोड्या पाण्यातला मासा आहे. त्याचा रंग काशाच्या भांड्यासारखा तपकिरी-हिरवट असतो, अंगावर गडद उभे पट्टे असतात आणि डोळ्यात बहुधा लालसर झाक असते. त्याचा जबडा डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे जात नाही. त्याचा भाऊबंद लार्जमाउथ बास याचा जातो, आणि दोघांना ओळखण्याची हीच सोपी खूण आहे. मूळचा तो पंचमहासरोवरे, सेंट लॉरेन्स, ओहायो आणि मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यातला. अटलांटिकला मिळणाऱ्या आपल्या बाजूच्या नद्यांत तो माणसाने आणला. १८५४ मध्ये आजच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगजवळच्या ओढ्यातले काही बास बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागील पाण्याच्या टाकीतून मेरीलँडमधल्या कंबरलँडला आणले गेले आणि तिथून ते पोटोमॅक नदीत पसरले. सस्क्वेहानात तो त्यानंतर आला, आणि या नदीचे रुंद, उथळ, कातळांनी भरलेले पात्र त्याला असे मानवले की आज या नदीचे नाव काढले की मासेमारी करणाऱ्याला आधी हाच मासा आठवतो.

तो फार मोठा होत नाही. जगातला नोंदलेला सर्वांत मोठा स्मॉलमाउथ ११ पौंड १५ औंसांचा, म्हणजे सुमारे ५.४ किलोचा होता, आणि तो ९ जुलै १९५५ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, टेनेसी-केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो जलाशयात मिळाला. आमच्या नदीत दोन पौंडांचा मासा चांगला आणि चार पौंडांचा मासा वर्षभर लक्षात राहणारा. या माशाची वाढ सावकाश असते. अठरा इंचांचा बास बहुधा आठ-दहा वर्षांचा असतो. तो आपल्या हाती येतो तेव्हा एवढी वर्षे आपल्या हाती असतात.

ऊन वाढले की पाण्यात काय होते

पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला, म्हणजे ६८ अंश फॅरेनहाइटला, एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना, म्हणजे ८६ फॅरेनहाइटला, तोच आकडा साडेसातच्या आसपास येतो. माशाचे शरीर मात्र गरम पाण्यात अधिक वेगाने चालते, त्यामुळे त्याची प्राणवायूची गरज वाढलेली असते. आवक घटलेली आणि खर्च वाढलेला अशा स्थितीत मासा कसाबसा तोल सांभाळून असतो. त्यातच गळाला लागून तो पाच मिनिटे झुंजला, की त्याच्या स्नायूंत आम्ल साठते आणि ते फेडायला लागणारा प्राणवायू त्याला सहजी मिळत नाही.

यातली एक गोष्ट अनुभवी माणसांच्याही लक्षात येत नाही, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. पहाटे पाणी सर्वांत थंड असते, तेव्हा माशासाठीही तीच वेळ सर्वांत चांगली असणार, असे वाटते. पण पाणवनस्पती आणि शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडतात आणि रात्रभर तो वापरतात. त्यामुळे संथ, उथळ आणि शेवाळ माजलेल्या काठाच्या पट्ट्यात प्राणवायूची पातळी सूर्योदयाच्या सुमाराला सर्वांत खाली गेलेली असते. म्हणूनच पहाटेच्या सहलीत आम्ही आपल्याला प्रथम खळाळत्या पाण्यावर नेतो. तिथे पाणी दगडांवरून फुटत असते, हवा त्यात मिसळत असते आणि मासाही तिथेच आलेला असतो. काठाजवळचा शांत डोह दिसायला सुंदर असला, तरी त्या वेळी आम्ही तिथे नाव थांबवत नाही.

मासा कुठे असतो, कशाला भुलतो

जुलैच्या मध्यात इथे सूर्योदय सहाच्या थोडा आधी आणि सूर्यास्त रात्री साडेआठच्या सुमारास होतो. आमची सकाळची नाव पाच वाजता काठ सोडते आणि दहाच्या आत परत येते. संध्याकाळची सहा वाजता निघते. मधल्या वेळेत आम्ही सहल नेत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

पहिल्या प्रकाशात बास वाहत्या उथळ पाण्यात शिकारीला येतो. वॉटर विलो या पाणगवताची हिरवी बेटे नदीत जागोजागी असतात, उन्हाळ्यात त्यांना जांभळट-पांढरी बारीक फुले येतात, आणि त्यांच्या कडेने लहान मासळीचे थवे असतात. अशा कडेला पाण्यावर तरंगणारा पॉपर, म्हणजे एक कृत्रिम आमिष, टाकावा, त्याची वलये पूर्ण विरेपर्यंत थांबावे आणि मग त्याला एकच हलका झटका द्यावा. उन्हाळ्यात नवख्यांची चूक होते ती थांबण्यात. बहुतेक जण आमिष सतत ओढत राहतात. मासा वर येऊन त्यावर तुटून पडला, तरी काठी लगेच उचलू नये; तंगुसावर वजन जाणवले, की मगच उचलावी.

सूर्य वर आला की बास कातळाच्या सावलीला, खळाळ संपून डोह सुरू होतो त्या तोंडाशी, किंवा वेगवान धार आणि संथ पाणी यांच्या मधल्या रेषेवर उभा राहतो. त्या रेषेवर त्याला कमी श्रमात खाणे वाहून येते. त्याचे आवडते खाणे म्हणजे क्रेफिश, झिंग्यासारखा नांग्यांचा जीव. म्हणून अशा जागी आम्ही तपकिरी किंवा गडद हिरवे मऊ ट्यूब आमिष तळाशी खडकांवरून सावकाश सरकवायला देतो. जिवंत क्रेफिश एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्यास पेनसिल्व्हेनियात मनाई आहे. बाहेरून आलेल्या जातींनी इथल्या नद्यांचे नुकसान केले आहे, तेव्हा कृपया सोबत आणू नये. जिवंत आमिष आम्ही एरवीही वापरत नाही, कारण मासा ते खोल गिळतो आणि गळ कल्ल्यांपर्यंत जातो.

फ्लाय-फिशिंग, म्हणजे हाताने बांधलेल्या हलक्या कृत्रिम माशीने (फ्लायने) मासेमारी, करणाऱ्यांना याच नदीने एक देणगी दिली आहे. जवळच्या मिडलटाउनचे बॉब क्लाऊझर यांनी १९८० च्या दशकात सस्क्वेहानातल्या स्मॉलमाउथसाठी क्लाऊझर मिनो ही फ्लाय बांधली, आणि आज ती समुद्रातल्या माशांसाठीही वापरली जाते. तिच्या डोळ्यांच्या जागी वजनदार मणी असतात. त्यामुळे सैल सोडली की ती तोंड खाली करून बुडते आणि ओढली की वर उसळते, अगदी घाबरलेल्या लहान मासोळीसारखी. आमच्या पेटीत त्या नेहमी असतात.

संध्याकाळच्या सहलीचे खरे आकर्षण जुलैअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असते. त्या दिवसांत व्हाइट फ्लाय नावाची पांढरी मेफ्लाय दिवेलागणीला पाण्यातून वर येते. (पिकांवर कीड म्हणून पडणाऱ्या पांढऱ्या माशीशी हिचा काही संबंध नाही.) वर्षभर तळाच्या गाळात राहिलेला हा कीटक पंख फुटल्यावर काही तासच जगतो, त्या काळात काही खात नाही, अंडी पाण्यावर टाकतो आणि संपतो. चांगली संध्याकाळ असली, तर पाण्यावर बर्फ पडत असल्यासारखे दिसते, टोपीवर आणि बाहीवर पंख चिकटतात, आणि चहूबाजूंनी मासे पाणी चोखत असल्याचा बारीक आवाज येतो. ही संध्याकाळ नेमकी कोणती, हे आठवडाभर आधी सांगता येत नाही; ते आपण समजून घ्यावे.

पाणी उतरलेले आणि नितळ असल्यामुळे मासा आपल्याला लांबून पाहतो. म्हणून फेक लांब हवी, नावेत पाय आपटू नयेत, आणि शर्ट भडक पांढरा नसावा. तंगूस मात्र आम्ही बारीक देत नाही. आठ ते दहा पौंडांचा ताण सोसणाऱ्या तंगुसाला थोडे कमी मासे लागत असतील, पण लागलेला मासा मिनिटभरात नावेशी येतो, आणि उन्हाळ्यात आम्हाला तेच हवे असते.

हाती आलेला मासा

आमच्या सहलीत प्रत्येक बास सोडला जातो. कोकणात खाडीकाठी गरवण्यात लहानपण गेलेल्या आमच्या काही ज्येष्ठ पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटते, आणि ते आम्ही समजू शकतो. पण या नदीला एक जखम झालेली आहे. २००५ साली सस्क्वेहानाच्या मधल्या पट्ट्यात स्मॉलमाउथची पिल्ले अंगावर व्रण येऊन मोठ्या संख्येने मेलेली आढळली, आणि पुढच्या अनेक उन्हाळ्यांत ते पुन्हा घडले. जिवाणू, विषाणू, परजीवी, पाण्यात वाहून येणारी रसायने, आणि उथळ काठावरच्या तापलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्याचा ताण अशा अनेक गोष्टी त्यात गुंतल्या आहेत. त्यानंतर राज्याच्या फिश अँड बोट कमिशनने इथे बाससाठी वेगळे नियम आणले. मासळी पुन्हा सावरताना आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणून नियमात काही सवलत असली, तरी आमच्या नावेतून बास घरी जात नाही.

पकडलेला मासा हाताळताना हात आधी पाण्यात बुडवून ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे रोग शिरतो. गळाचे काटे आम्ही पक्कडीने आधीच दाबून ठेवलेले असतात, त्यामुळे गळ सहज सुटतो. तो खोल गेला असेल, तर उपसू नये. तंगूस तोंडाजवळ कापावे. छायाचित्र जरूर काढावे, पण कॅमेरा तयार होईपर्यंत मासा जाळीत, पाण्यातच राहील, आणि वर उचलल्यावर एका हाताने जबडा व दुसऱ्याने पोट धरून पाच-सात सेकंदांत परत जाईल. सोडताना त्याला पुढे-मागे हलवू नये. वाहत्या पाण्याकडे तोंड करून हलकेच धरावे. त्याचे कल्ले संथपणे उघडमीट करू लागतात, शेपटीत जोर येतो आणि तो स्वतः हात सोडवून घेतो.

आमच्या व्यवसायाच्या पहिल्या उन्हाळ्यात एका पाहुण्याच्या मुलाला आयुष्यातला पहिला मोठा मासा मिळाला होता, आणि आजोबा दुसऱ्या नावेतून येईपर्यंत आम्ही तो नावेतल्या टाकीत ठेवला. अर्धा तासही झाला नसेल. सोडल्यावर तो दोन हात खाली गेला आणि उलटा होऊन वर आला. त्या मुलाने विचारले, की तो झोपला का. टाकीतले पाणी तेव्हा आम्ही मोजलेले नव्हते. ती टाकी आता आमच्या नावेत नाही.

तापमापक आणि आमचे परतावे

आमच्या नावेला दोरीने तापमापक बांधलेला असतो, आणि निघण्यापूर्वी तो गुडघाभर वाहत्या पाण्यात पूर्ण दोन मिनिटे ठेवून आम्ही आकडा आपल्यासमोर वाचतो. पहाटेचा आकडा ८० अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे सुमारे २७ सेल्सिअसच्या वर असेल, तर सकाळची सहल नऊलाच संपते आणि त्या प्रमाणात पैसे परत मिळतात. तो ८४ च्या वर असेल, तर मासेमारी होत नाही. आपण पूर्ण रक्कम परत घ्यावी किंवा सप्टेंबरमधली तारीख घ्यावी. संध्याकाळी नदी दिवसभराचे ऊन साठवून असते, म्हणून ८४ ची मर्यादा त्या सहलीलाही तशीच लागू आहे. मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून अशा दिवशी आम्ही त्यांना नावेतून रॉकव्हिलच्या १९०२ सालच्या दगडी रेल्वेपुलाच्या ४८ कमानींपर्यंत नेऊन आणतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

वादळी पावसानंतर पाणी चढून गढूळ होते, तेव्हाही आम्ही तारीख बदलतो. गडगडाट पहिल्यांदा ऐकू आला, की नाव काठाला लागते आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्ध्या तासापर्यंत परत पाण्यात जात नाही.

आपण आणायच्या वस्तू

सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येक व्यक्तीकडे पेनसिल्व्हेनियाचा मासेमारी परवाना लागतो. फक्त काठी धरणाऱ्या आजोबांनाही तो लागतो. ४ जुलै रोजी मात्र राज्यात परवान्याशिवाय मासेमारी करता येते, आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी तो दिवस चांगला. लाइफ जॅकेट आम्ही देतो. कायद्याने ते आमच्यासारख्या लहान नावेत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बंधनकारक आहे, आमच्या नावेत ते सर्वांना आहे. हॅरिसबर्गच्या डॉक स्ट्रीट बंधाऱ्याजवळ आम्ही जात नाही आणि आपणही स्वतःच्या कयाकमधून कधी जाऊ नये. तो वरून निरुपद्रवी दिसतो, पण त्याच्या खालच्या भोवऱ्याने माणसे नेली आहेत.

पाण्याच्या बाटल्या आणि बर्फाची पेटी नावेत असते. टोपी, पूर्ण बाह्यांचा फिकट करडा किंवा हिरवा शर्ट, ध्रुवित (पोलराइज्ड) काचांचा चष्मा आणि भिजले तरी चालतील असे बंद बूट आपण आणावेत. चपलेने शेवाळलेल्या कातळावर पाय घसरतो. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी नाश्ता करूनच यावे आणि आम्हाला तसे आधी सांगावे, म्हणजे सावलीतली बैठक त्यांच्यासाठी राखून ठेवता येईल.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता आम्ही आपल्याला दूरध्वनी करून नदीची पातळी, त्या दिवशीचे पाण्याचे तापमान आणि काठावर भेटण्याची जागा कळवतो. त्या वेळी फोन जवळ ठेवावा.