निवडून कोण येईल? अमेरिकेतल्या प्रायमरीमागचं जुनं गणित

अमेरिकेत अध्यक्षपदाची पुढची निवडणूक नोव्हेंबर २०२८ मध्ये आहे. डेमोक्रॅटिक पक्षात मात्र उमेदवार कोण चांगला यापेक्षा कोण निवडून येईल यावरच आतापासून जास्त काथ्याकूट चालू आहे. आपल्याकडे तिकीटवाटपाच्या दिवसांत ‘इलेक्टिव्ह मेरिट’ हा शब्द रोज कानावर पडतो, पण तो हिशेब पक्षश्रेष्ठी मांडतात, कारण एबी फॉर्म त्यांच्या हातात असतो. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. त्यामुळे गेली पन्नासेक वर्षं हा हिशेब साध्या मतदाराच्या गळ्यात पडला आहे. तो त्याला फारसा जमलेला नाही, असं माझं मत. श्रेष्ठींना जमायचा, असंही नाही म्हणा.

मूळ हिशेब प्रायमरीहून कितीतरी जुना आहे. मे १८६० मध्ये अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला शिकागोला रिपब्लिकन पक्षाच्या प्रतिनिधींचं अधिवेशन भरलं, तेव्हा न्यूयॉर्कचे सिनेटर विल्यम सेवर्ड यांची उमेदवारी ठरल्यात जमा होती. पहिल्या फेरीत त्यांना १७३½ मतं पडली, अब्राहम लिंकन यांना १०२. हवी होती २३३. पण १८५६ मध्ये पक्षाने पेनसिल्व्हेनिया, इंडियाना, इलिनॉय आणि न्यू जर्सी ही राज्यं गमावली होती. तिथलेच पुढारी आता सांगत होते, की सेवर्ड गुलामगिरीच्या प्रश्नावर जहाल म्हणून ओळखले जातात, त्यांच्या नावावर आमच्याकडे मतं मिळायची नाहीत. लिंकन यांची माणसं प्रतिनिधींना गाठून एवढंच म्हणत राहिली, की आमचा माणूस तुमची पहिली पसंती नसेल तर निदान दुसरी असू द्या. तिसऱ्या फेरीत लिंकन २३१½ वर पोचले, ओहायोच्या चार प्रतिनिधींनी बाजू बदलली आणि काम झालं. लिंकन यांचं थोरपण इतिहासाने नंतर पाहिलं. त्या दिवशी ते ‘चालण्यासारखे’ होते, बस्स.

पुढची शंभर वर्षं हे असंच चाललं. १९५२ मध्ये रिपब्लिकन कार्यकर्त्यांचे लाडके सिनेटर रॉबर्ट टाफ्ट होते, पण ‘टाफ्ट जिंकू शकत नाहीत’ हे वाक्यच त्यांच्याविरुद्धचा प्रचार झालं आणि उमेदवारी जनरल आयझेनहॉवर यांना गेली.

१९६० चं वेस्ट व्हर्जिनिया मात्र जरा थांबून पाहण्यासारखं आहे. १९२८ मध्ये अल स्मिथ हे कॅथलिक उमेदवार दणकून पडले होते. डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला असलेल्या दक्षिणेतलीही काही राज्यं त्यांच्या हातून गेली. तेव्हापासून कॅथलिक माणूस अध्यक्ष होत नाही, हे पुढाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं. जॉन केनेडी यांनी विस्कॉन्सिनची प्रायमरी जिंकली, पण लोक म्हणाले, तिथली कॅथलिक मतं मिळाली म्हणून जिंकली. वेस्ट व्हर्जिनियात कॅथलिक नावापुरतेच. खाणकामगारांचं, गरीब, प्रोटेस्टंट राज्य. केनेडींनी धर्माचा विषय टाळला नाही. नौदलात गेलो तेव्हा कुणी धर्म विचारला नव्हता, असं ते सभांमध्ये सांगत. वडिलांचा पैसाही पाण्यासारखा ओतला गेला, हेही सांगायला हवं. १० मे रोजी त्यांनी पक्षातले प्रतिस्पर्धी ह्युबर्ट हम्फ्री यांना सुमारे ६१ टक्के मतं घेऊन हरवलं आणि हम्फ्री शर्यतीतून बाहेर पडले. तेव्हा मोजक्याच राज्यांत प्रायमरी होत आणि उमेदवारी त्यांच्यावर ठरत नसे. पुढाऱ्यांपुढे टाकायचा पुरावा एवढीच त्यांची किंमत होती. केनेडींनी तो पुरावा आणून दाखवला.

१९६८ मध्ये याच हम्फ्रींना एकही प्रायमरी न लढवता उमेदवारी मिळाली. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, नोव्हेंबरमध्ये पक्ष हरला. मग नियम बदलायला समिती नेमली गेली आणि १९७२ पासून उमेदवार ठरवण्याची ताकद प्रायमरी आणि कॉकस, म्हणजे पक्षाच्या स्थानिक बैठका, यांतल्या मतदारांकडे गेली. समितीचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न हेच नव्या नियमांनी उमेदवार झाले आणि ४९ राज्यांत हरले. हात पोळलेल्या पुढाऱ्यांनी १९८४ साठी ‘सुपरडेलिगेट’ आणले, म्हणजे प्रायमरीच्या निकालाला बांधलेले नसलेले, अधिवेशनात मत देणारे पक्षाचे पुढारी. जिंकू शकणारा उमेदवार हेरायला अनुभवी माणसं हवीत, हा युक्तिवाद. त्या वर्षी वॉल्टर माँडेल उमेदवार झाले आणि तेही ४९ राज्यांत हरले!

पलीकडच्या पक्षातही अंदाजांची हीच गत. मार्च १९८० मध्ये माजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी जाहीर सांगितलं, की फार उजव्या विचारांचा रिपब्लिकन देशभरातली निवडणूक जिंकू शकत नाही. रोख रोनाल्ड रेगन यांच्यावर होता. रेगन यांनी ४४ राज्यं जिंकली.

मतदाराच्या हाती हिशेब आल्यावर एक चमत्कारिक गोष्ट घडली. तो स्वतःला काय हवं ते बाजूला ठेवून शेजाऱ्याला काय चालेल याचा अंदाज बांधू लागला, आणि शेजाऱ्याचे पूर्वग्रह आहेत त्याहून मोठे धरू लागला. २००४ मध्ये सगळ्यांत आधी कौल देणाऱ्या आयोवा राज्यातल्या डेमोक्रॅट्सनी इराक युद्धाविरुद्ध तडफेने बोलणारे हॉवर्ड डीन सोडून व्हिएतनाममध्ये लढलेले जॉन केरी निवडले. डीनबरोबर फिरलो आणि लग्न केरीशी केलं, अशी तेव्हा थट्टा चाले. केरी हरले. २००८ मध्ये जवळपास सगळ्या गोऱ्या आयोवाने बराक ओबामांना कौल दिला, आणि ‘गोरे लोक याला मत देणार नाहीत’ म्हणून हिलरी क्लिंटन यांच्याकडे झुकलेले अनेक कृष्णवर्णीय मतदार त्यानंतर ओबामांकडे आले.

२०२० हे वर्ष या हिशेबाच्या बाजूने बोलतं, हे मान्य करायला हवं. जो बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनाच्या मतदारांनी त्यांना मोठ्या फरकाने जिंकवलं, दोन दिवसांत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुचर यांनी माघार घेऊन पाठिंबा दिला आणि ३ मार्चला, एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान झालं तेव्हा, चित्र पालटलं. बायडेन नोव्हेंबरमध्ये जिंकलेही. दुसरं कुणी जिंकलं नसतं, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

चार वर्षांनी मिनेसोटाचे खासदार डीन फिलिप्स नेमका हाच मुद्दा घेऊन बायडेन यांच्याविरुद्ध उभे राहिले, की हे आता जिंकू शकत नाहीत. त्यांना एकही राज्य मिळालं नाही. २७ जूनच्या ट्रम्प यांच्याबरोबरच्या वादचर्चेत बायडेन अडखळले, त्यानंतर सगळा पक्ष तेच बोलू लागला, २१ जुलैला बायडेन बाजूला झाले आणि कमला हॅरिस प्रायमरीशिवाय उमेदवार होऊन हरल्या.

तेव्हापासून नवी कुजबुज आहे, की बाई उमेदवार असली की निवडून येत नाही. पुरावा म्हणून दोन पराभव दाखवले जातात. त्यातल्या पहिल्यात, २०१६ साली, हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा देशभरात सुमारे २९ लाख मतं जास्त पडली होती.