‘शेर्त्सन’: बागडण्यातून आलेली थट्टा

जर्मनमध्ये थट्टामस्करी करणे या अर्थाचं जुनं क्रियापद म्हणजे ‘शेर्त्सन’. मध्ययुगीन जर्मनमध्ये, साधारण १०५० ते १३५० या काळात, त्याचा अर्थ होता आनंदाने उड्या मारणे, बागडणे. तोंडी थट्टेचा अर्थ पुढे जडला.

या शब्दाची एक शाखा फार आधी इटलीत पोचली होती. ५६८ साली लोंबार्ड ही जर्मनिक टोळी आल्प्स ओलांडून उतरली आणि इटालियन ‘स्केर्त्सारे’ (थट्टा करणे) हे क्रियापद त्यांच्याच बोलीतून आलं, असं मानतात. त्यावरून ‘स्केर्त्सो’ हे संगीतरचनेतल्या खेळकर भागाचं नाव. संगीतकार हायडनने १७८१च्या तंतुवाद्यांच्या चौकडींमध्ये मिन्युएट या नृत्यचालीच्या जागी हे नाव वापरलं आणि बेथोव्हनने ते सिम्फनीत रुळवलं. म्हणजे माल जर्मन, पण परतला इटालियन शिक्का घेऊन!

रूपं सोपी, कारण क्रियापद नियमित आहे: इश (मी) शेर्त्से, डू (तू) शेर्त्स्ट, एर (तो) शेर्त्स्ट, वीर (आम्ही) शेर्त्सन, ईर (तुम्ही) शेर्त्स्ट, झी (ते) शेर्त्सन. भूतकाळ ‘शेर्त्स्ट’ला शेवटी ‘ए’ जोडून, पूर्ण भूतकाळ ‘हाबन’ हे साहाय्यक क्रियापद घेऊन ‘गेशेर्त्स्ट’. चुका होतात त्या ‘डू’पाशी. धातू ‘झेड’ने, म्हणजे ‘त्स’ने संपतो, त्यात ‘स’ आहेच, म्हणून ‘एसटी’ न लावता नुसता ‘टी’ लावायचा. त्यामुळे ‘तू’ आणि ‘तो’ यांची रूपं एकसारखी होतात.

मराठीभाषक अडतात ते आणखी एका ठिकाणी. आपण ‘त्याची थट्टा केली’ म्हणतो, पण ‘शेर्त्सन’ला थेट कर्म चालत नाही. कोणाशी ते ‘मिट’ (सोबत) हे अव्यय आणि डाटिव्ह (चतुर्थी) विभक्तीने, कशावरून ते ‘यूबर’ (-बद्दल) आणि अकुझाटिव्ह (द्वितीया) विभक्तीने सांगायचं. एखाद्याला चिडवायचं असेल तर ‘नेकन’ वापरावं. त्याला कर्म लागतं.

रोजच्या बोलण्यात मात्र ‘श्पास माखन’ किंवा ‘वित्स माखन’च जास्त ऐकू येतं, ‘शेर्त्सन’ जरा पुस्तकी वाटतं. गंमत म्हणजे ‘श्पास’ हा इटालियन ‘स्पास्सो’वरून उसना घेतलेला, तर ‘वित्स’चा मूळ अर्थ बुद्धी, आणि त्याचं नातं आपल्या ‘विद्’ धातूशी.

‘डामिट इस्ट निश्ट त्सू शेर्त्सन’ (ही थट्टेवारी न्यायची गोष्ट नाही) हा प्रयोग मात्र टिकून आहे. ‘फेर-’ उपसर्ग लागला की सूर पार बदलतो: ‘झिश एत्वास फेरशेर्त्सन’ म्हणजे बेफिकिरीने हातची संधी किंवा कुणाची मर्जी घालवून बसणे. इथे ‘झिश’ (स्वतः) डाटिव्हमध्ये असतो, म्हणून ‘मी’, ‘तू’साठी ‘मीर’, ‘डीर’ म्हणायचं, ‘मिश’ हे अकुझाटिव्ह रूप नव्हे. आणि कृदंताला ‘गे’ लागत नाही: नुसतं ‘फेरशेर्त्स्ट’.